खेळ कामगारांचा, संघ कोणाचा?

१८९५ साली इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात कापडगिरणीच्या एका व्यवस्थापकाला अफरातफरीच्या गुन्ह्याबद्दल तीन वर्षांची कैद झाली. रक्कम होती ५,३२६ पौंड. व्यवस्थापकाने गिरणीच्या पैशाला हात लावावा यात नवल करण्यासारखे काही नाही. कापडाच्या धंद्याला हा रोग जुनाच आहे आणि मुंबईच्या वाचकाला तो नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नवल होते ते निराळेच. या गृहस्थाने त्या पैशातून इस्टेट केली नव्हती. तो पैसा फुटबॉलच्या एका संघावर, त्यातील खेळाडूंवर आणि संघाच्या पाहुणचारावर गेला होता. आणि तो संघही असा की जगातील पहिल्या फुटबॉल लीगचे पहिले विजेतेपद त्याने एकही सामना न हरता मिळविले होते.

या गृहस्थांचे नाव विल्यम सडेल. गाव प्रेस्टन. गावात त्यांना सारे ‘मेजर’ म्हणत, कारण स्वयंसेवक पलटणीत त्यांना तो हुद्दा होता. धंदेवाईक फुटबॉलच्या इतिहासात मालक म्हणता येईल अशी जी पहिली माणसे झाली त्यांत सडेल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आणि गंमत अशी की कायद्याने ते कशाचेच मालक नव्हते. गिरणी गुडएअर यांच्या पेढीची, मैदान भाड्याचे, संघ सभासदांचा. तरीही दहा-बारा वर्षे प्रेस्टन नॉर्थ एंड म्हणजे सडेल आणि सडेल म्हणजे प्रेस्टन नॉर्थ एंड असे समीकरण होऊन बसले होते. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न चळवळीतील माणसाने केवळ खेळाच्या पानावर सोडून द्यावा असा नाही.

प्रथम गाव. प्रेस्टन हे सूत कातण्याचे यंत्र उभे करणाऱ्या रिचर्ड आर्कराइटचे जन्मगाव. औद्योगिक क्रांतीचा धूर ज्या गावांनी सर्वांत आधी गिळला त्यांपैकी हे एक. १८४२ साली मजुरीकपातीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर येथील लून रस्त्यावर लष्कराने गोळ्या झाडल्या आणि चार माणसे मेली. १८५३ साली विणकरांनी पूर्वी कापलेली दहा टक्के मजुरी परत मागितली, तेव्हा मालकांनी गिरण्यांना कुलपे ठोकली. टाळेबंदी सुमारे सात महिने चालली. हजारो कुटुंबे अर्धपोटी राहिली आणि अखेर हात टेकून कामावर गेली. मार्क्सने न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये या लढ्यावर लिहिले; डिकन्स प्रत्यक्ष पाहावयास आला आणि त्याच वर्षी त्याची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सडेल तेव्हा तीन-चार वर्षांचे मूल होते. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा झाला. मुंबईच्या कापूसदलालांच्या घरी त्या पाच वर्षांत सोन्याचा पूर आला तो याच दुष्काळातून. लँकेशायरच्या चुली मात्र विझल्या. बेकार गिरणीकामगारांना मदत म्हणून जी खडी फोडावयाची, जमीन सारखी करावयाची कामे काढली गेली, त्यांतूनच प्रेस्टनमधील सार्वजनिक बागा आणि मूर पार्कची हिरवळ सजली. नॉर्थ एंड हा क्लब सुरुवातीला क्रिकेट खेळत असे तो याच मूर पार्कवर, आणि १८७५ साली त्याने भाड्याने घेतलेले डीपडेलचे मैदान त्या पार्कला लागूनच आहे. म्हणजे भुकेल्या विणकरांनी ज्या परिसराची माती उपसली, तेथेच पुढे त्यांची मुले शनिवारी दुपारी टोप्या उडवीत उभी राहिली.

शनिवारीच का? याचे उत्तर खेळाच्या नियमांत नाही, कारखान्याच्या कायद्यात आहे. दहा तासांच्या दिवसासाठी इंग्लंडच्या कामगारांनी जी दीर्घ झुंज दिली तिच्या ओघात १८५० च्या कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविले. १८७४ च्या कायद्याने ती वेळ आणखी अलीकडे आणली. स्त्रिया आणि मुले थांबली की गिरणीही थांबे. शनिवारची ती मोकळी दुपार कोणा मालकाने दान केलेली नव्हती. तीन वाजता सुरू होणारा फुटबॉलचा सामना हे तिचे अपत्य आहे. प्रेक्षक आला तो कायद्यातून, कायदा आला तो लढ्यातून. आणि प्रवेशाचे पैसे मोजण्यासाठी फाटकावर उभा राहिला तो मात्र तिसराच कोणी. या तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगावयाची आहे.

सडेल लहान वयातच गिरणीच्या कचेरीत लागले आणि पंचविशीच्या आत व्यवस्थापक झाले. म्हणजे ते जन्माने मालकवर्गातले नव्हते, कामगारही नव्हते. दोघांच्या मधल्या जिन्यावर उभा असलेला, वर पाहणारा आणि खाली हुकूम सोडणारा जो वर्ग प्रत्येक कारखान्यात असतो, त्यातलेच ते एक. तरुणपणापासून ते नॉर्थ एंडचे सभासद. क्लबने क्रिकेट केले, रग्बी केली आणि १८८० साली असोसिएशन पद्धतीचा फुटबॉल कायम स्वीकारला. आरंभ फजितीचाच होता. शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सने १८८१ मध्ये प्रेस्टनला १६ विरुद्ध ० असे झोडपले. दुसरा कोणी असता तर पुन्हा क्रिकेटची बॅट हाती घेता. सडेल यांनी काय केले? गिरणीवाल्याने जे करावे तेच. यंत्र चालविणारा कुशल माणूस गावात मिळत नसेल तर तो जेथे मिळेल तेथून आणावा.

तो मिळत असे स्कॉटलंडमध्ये. इंग्रज तेव्हा चेंडू पायात ठेवून एकेकटे धावत. चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकण्याची कला स्कॉटिश खेळाडूंनी विकसित केली होती. सडेल यांनी एडिंबरोहून निक रॉस याला आणले. तो धंद्याने छपरावर दगडी फरशा बसविणारा कारागीर. पाठोपाठ त्याचा भाऊ जिमी आला, ड्रमंड आला, रसेल आला. त्यांना गावात, गिरणीत नावापुरती कामे दिली गेली आणि खरा पगार मिळाला तो शनिवारचा. सडेल स्वतः नामांकित खेळाडू नव्हते, पण अभ्यास मोठा. बिलियर्डच्या टेबलावर बुद्धिबळाची प्यादी मांडून ते खेळाडूंना जागा आणि चाली समजावीत, असे सांगतात. संघाला कापडगिरणीसारखे चालविणे, प्रत्येकाने आपले काम आपल्या जागी करणे, ही कल्पना त्या काळी नवी होती. कामाची विभागणी! अॅडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्यात जे पाहिले ते सडेल यांनी गवतावर उतरविले.

परंतु खेळासाठी पैसे देणे हा तेव्हा गुन्हा होता. १८६३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनचा कारभार सार्वजनिक म्हणविणाऱ्या, पण धनिकांखेरीज कोणाला प्रवेश नसलेल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती होता. खेळ हा खेळासाठी, पैशासाठी नव्हे, हे त्यांचे ब्रीद. वाक्य गोंडस आहे आणि आपल्यातील काही ध्येयवादी मंडळींना ते अजूनही मोहविते, म्हणून जरा थांबून सांगितले पाहिजे. ज्याच्या घरी वडिलार्जित उत्पन्न आहे तोच फुकट खेळू शकतो. विणकराने लांबच्या सामन्यासाठी अर्धा दिवस बुडविला तर त्याची अर्धी मजुरी बुडते. त्याला ती भरपाईही द्यावयाची नाही, असा नियम म्हणजे विणकराने खेळूच नये असा नियम. हौशीपणाचा हा सोवळेपणा वस्तुतः वर्गाचा कोट होता. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिकच्या विणकरांनी, ओतारकाम करणाऱ्यांनी, नळजोडाऱ्याने आणि दंतवैद्याच्या मदतनिसाने ओल्ड ईटोनियन्स या उमरावांच्या मुलांचा २-१ असा पराभव करून चषक उत्तरेला नेला, तेव्हा त्या कोटाला पहिली भेग पडली. एका ओतकारखान्याच्या मालकाच्या खर्चाने तो संघ सामन्यापूर्वी आठवडाभर ब्लॅकपूलला सरावासाठी राहिला होता, हे उमरावांना फार झोंबले. हरण्यापेक्षाही अधिक.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८४ मध्ये, चषकाच्या सामन्यासाठी लंडनचा अप्टन पार्क हा हौशी संघ प्रेस्टनला आला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पाहुण्यांनी तक्रार गुदरली की यजमानांचे खेळाडू भाडोत्री आहेत. असे आरोप यापूर्वीही होत; क्लब कानांवर हात ठेवीत, हिशेबवह्या दोन ठेवीत आणि प्रकरण मिटत असे. सडेल यांनी तसे केले नाही. होय, आम्ही बाहेरून माणसे आणतो, त्यांना कामे देतो, आणि लँकेशायरात सारेच असे करतात, अशी कबुली त्यांनी दिली. प्रेस्टनला स्पर्धेतून बाद करण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस लँकेशायरच्या बंडखोर क्लबांनी मँचेस्टरला सभा भरवून स्वतंत्र ब्रिटिश फुटबॉल असोसिएशनची धमकी दिली आणि या बंडाच्या धुरीणांत सडेल होते. जुलै १८८५ मध्ये लंडनने नमते घेतले. धंदेवाईक खेळाडू कायदेशीर ठरला.

याच १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईला परळ येथे नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांच्या सभा घेत होते. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने त्यांनी ज्या मागण्या मांडल्या त्यांतील पहिली होती आठवड्यातून एक दिवस सुट्टीची. ती मान्य व्हावयास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. प्रेस्टनने दुसऱ्यांदा लीग जिंकली त्याला तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. मधल्या काळात लँकेशायरचे मालक पार्लमेंटात मुंबईच्या कामगारांच्या हालांबद्दल अश्रू ढाळीत होते, कारण मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या पोटावर येत होते. १८८१ आणि १८९१ चे आपले कारखाने कायदे काही अंशी या परोपकारी अश्रूंचे फळ आहे. एकाच कापसाच्या धाग्याला बांधलेली ही दोन शहरे. एका ठिकाणी कामगार पगारी खेळाडू होण्याचा हक्क मिळवीत होता, दुसऱ्या ठिकाणी त्याला खेळ पाहण्यापुरता रिकामा दिवसही नव्हता. आपल्याकडे मैदानी खेळ गिरणगावात न रुजता प्रथम पलटणी आणि जिमखाने यांच्याच अंगणात का वाढले, याचे बरेचसे उत्तर या एका सुट्टीत आहे.

सडेल यांचा विजय झाला. कोणाचा विजय? नियम नीट वाचावेत. १८८५ च्या नियमांनी खेळाडूला पगार घेण्याची मुभा दिली, त्याची दरवर्षी नोंद बंधनकारक केली, चषकासाठी मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्म अथवा दोन वर्षांचे वास्तव्य ही अट घातली. आणि आणखी एक कलम घातले. धंदेवाईक खेळाडूला असोसिएशनच्या कोणत्याही समितीवर बसता येणार नाही, सभेत कोणत्याही क्लबचे प्रतिनिधित्व करता येणार नाही. म्हणजे हातपाय विकण्यास परवानगी, तोंड उघडण्यास बंदी. या कलमाविरुद्ध सडेल यांनी बंडाचे निशाण पुन्हा उभारले नाही. कसे उभारतील? त्यांना पगारी खेळाडू हवा होता. समितीत शेजारच्या खुर्चीवर बसणारा खेळाडू नको होता. मधल्या जिन्यावरच्या वर्गाचे बंड असेच असते. ते वरच्याविरुद्ध खरे असते, आणि खालच्याच्या दारापाशी येऊन थांबते.

यापुढची पाच वर्षे मात्र सोन्याची. सडेल यांच्याविषयी कोणतेही मत असो, या वर्षांचा आनंद नाकारणे करंटेपणाचे होईल. ऑक्टोबर १८८७ मध्ये प्रेस्टनने हाइड या संघाला चषकाच्या सामन्यात २६-० ने हरविले. हा विक्रम आजवर मोडलेला नाही. १८८८ चा अंतिम सामना खेळण्यापूर्वीच त्यांनी, कपडे चिखलात मळण्याच्या आधी, चषकाबरोबर छायाचित्र काढून घेऊ का असे विचारले आणि मग ते वेस्ट ब्रॉमविचकडून २-१ ने हरले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटली यातच सारे आले. त्याच वसंतात बर्मिंगहॅमच्या अॅस्टन व्हिला क्लबच्या विल्यम मॅग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा क्लब एकत्र येऊन लीग स्थापन झाली. तिचे ‘फुटबॉल लीग’ हे नाव सुचविले सडेल यांनी आणि तिचे पहिले खजिनदारही तेच. (खजिनदार! नियतीला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?) बारांपैकी सहा क्लब लँकेशायरचे. लंडनचा एकही नाही. १८८८-८९ च्या हंगामात प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडविले, एकही गमावला नाही. चषकाच्या स्पर्धेत तर त्यांच्यावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामन्यात वुल्व्हरहॅम्प्टनला त्यांनी ३-० ने नमविले. ज्या गावाला मालकांनी सात महिने उपाशी ठेवले होते त्या गावाच्या नावावर साऱ्या इंग्लंडात टोप्या उडत होत्या. दहा टक्क्यांच्या लढ्यात हरलेल्या एखाद्या म्हाताऱ्या विणकराला त्या शनिवारी काय वाटले असेल, हे कोणत्याही प्रबंधात सापडणार नाही.

याच संघाचा गोलरक्षक म्हणून १८८६-८७ च्या हंगामात आर्थर व्हार्टन खेळला होता. आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधील अक्रा येथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय तरुण त्या वर्षी शंभर यार्ड दहा सेकंदांत धावून इंग्लंडचा विजेता ठरलेला होता. पुढे तो जगातील पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू म्हणून ओळखला गेला. त्याची अखेर यॉर्कशायरच्या कोळसाखाणीत मजुरी करण्यात झाली. १९३० साली तो वारला आणि त्याच्या थडग्यावर नावाची पाटी लागावयास १९९७ साल उजाडले. निक रॉस, ज्याच्यासाठी क्लब एकमेकांवर बोली लावीत, तो क्षयाने एकतिसाव्या वर्षी गेला. जिमी रॉस छत्तिसाव्या वर्षी गेला. मालकांची चरित्रे लिहिताना ही नावे तळटिपेत जातात. येथे ती मजकुरातच असू द्यावीत.

आता त्या ५,३२६ पौंडांकडे वळू. संघ जिंकत होता, पण जिंकण्याचा खर्च फाटकावरच्या उत्पन्नाहून वाढत होता. मोठ्या शहरांतील क्लब जागे झाले होते. लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, संडरलंड येथे लोकसंख्या अधिक, मैदाने मोठी, पैसा अधिक. प्रेस्टनसारख्या मध्यम गावाने त्यांच्याशी बरोबरी करावयाची तर पदरचे घालावे लागणार. सडेल यांच्या पदरी ते नव्हते. गिरणीच्या तिजोरीत होते आणि तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. १८९३ साली क्लबचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले, भागधारक आले, आणि ज्याने संघ घडविला त्याच्याच हातून कारभार गेला. दोन वर्षांनी गिरणीच्या वह्यांतील भगदाड उघडकीस आले. शिक्षा भोगून सडेल दक्षिण आफ्रिकेत गेले. केपटाउन येथे वर्तमानपत्रांत खेळांवर लिहून त्यांनी उदरनिर्वाह केला आणि १९११ साली न्यूमोनियाने तेथेच त्यांचा अंत झाला.

एका अभ्यासवर्गात ही कथा सांगितली तेव्हा दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटल्या. एक तरुण मित्र उत्साहाने म्हणाला, “मग हा तर आपलाच माणूस! मालकाचे लुटून कामगारांना आनंद वाटला.” दुसऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मान हलविली. “अहो, गुंगीचे औषध ते. शनिवारी टोप्या उडवायच्या आणि सोमवारी मुकाट्याने साच्यापुढे उभे राहायचे. आनंद कसला?” दोघांचेही मला पटले नाही.

तरुण मित्राचा युक्तिवाद वरवर भुरळ घालणारा आहे. गिरणीच्या तिजोरीतील पैसा विणकरांच्या श्रमातून निर्माण झालेले वरकड मूल्य होते; मालकाने ते घेतले तर कायदा त्यास नफा म्हणतो, व्यवस्थापकाने घेतले तर अफरातफर. इतपत खरे. परंतु सडेल यांनी ते पैसे विणकरांना विचारून घेतले नव्हते आणि त्यांच्या मजुरीत एका पेनीचीही भर घातली नव्हती. विणकरांच्या श्रमाचा पैसा कोठे खर्च व्हावा हे ठरविणारा माणूस तेवढा बदलला. शिवाय असे दातृत्व टिकत नाही. ते एका माणसाच्या छातीवर, त्याच्या नोकरीवर, त्याच्या हौसेवर उभे असते. तो माणूस गेला की संघ पोरका होतो. प्रेस्टनने १८९० नंतर आजतागायत लीगचे अव्वल विजेतेपद मिळविलेले नाही. आपल्याकडचा दाखला घ्या. १९९६-९७ साली भारतात पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग झाली, तीही जिंकली एका कापडगिरणीच्याच संघाने, फगवाड्याच्या जे. सी. टी. ने. २०११ साली गिरणीवाल्यांनी संघ मोडला. मुंबईच्या मैदानांवर मफतलाल, ओर्के ही गिरण्यांची नावे एके काळी गाजत. महिंद्रांचा संघ २०१० मध्ये संपला. कोणाला विचारले? प्रेक्षकांना नाही, खेळाडूंनाही नाही.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांना तर मी स्पष्ट सांगितले की गुंगीच्या औषधाची उपमा येथे लागू नाही. ज्या लँकेशायरच्या विणकरांनी फुटबॉल डोक्यावर घेतला त्यांनीच देशातील सर्वांत भक्कम विणकर संघटना बांधल्या आणि पुढे मजूर पक्षाला बळ दिले. शनिवारची दुपार मिळविण्यासाठी जो लढला त्याने ती दुपार कशी घालवावी, हे त्याला चळवळीने शिकविण्याचे कारण नाही. चळवळीने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. फाटकावर जमलेली नाणी कोणाच्या पेटीत जातात, आणि मैदानावर घाम गाळणारा माणूस कोणाचा बांधील आहे?

या प्रश्नाचे उत्तर सडेल यांच्यानंतरच्या मालकांनी दिले. ते बहुधा गिरणीवाले नव्हते, दारूवाले होते. लिव्हरपूलचे जॉन होल्डिंग हे मद्य गाळणारे आणि राजकारणी. अॅनफील्ड मैदानाच्या भाड्यावरून एव्हर्टन क्लबच्या सभासदांशी त्यांचे वाजले, १८९२ मध्ये क्लब मैदान सोडून गेला, आणि रिकाम्या मैदानाचे काय करावयाचे म्हणून होल्डिंग यांनी लिव्हरपूल हा नवाच क्लब काढला. १९०२ साली बुडत्या न्यूटन हीथला हात देऊन त्याचे मँचेस्टर युनायटेड करणारे जे. एच. डेव्हिस हेही दारूभट्टीचेच धनी. यांना सडेल यांच्यासारखी तिजोरी फोडावी लागली नाही. तिजोरी त्यांचीच होती. खेळाडूला मात्र यांच्या काळात खऱ्या बेड्या पडल्या. हंगाम संपला तरी क्लबची इच्छा नसेल तर त्याला दुसरीकडे जाता येईना. १९०१ पासून आठवड्याला चार पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा आली. चार पौंड म्हणजे कुशल कारागिराच्या सुमारे दुप्पट, हे मान्य. पण कमाल मर्यादा मजुरीला होती, फाटकावरच्या उत्पन्नाला नव्हती. १९०७ साली मँचेस्टरच्या एका हॉटेलात वेल्सच्या खाणीतून आलेल्या बिली मेरेडिथच्या अध्यक्षतेखाली खेळाडूंची युनियन स्थापन झाली. कमाल वेतनाचे कलम तिने उखडले ते १९६१ साली, संपाची नोटीस देऊन. बांधिलकीची पद्धत १९६३ मध्ये न्यायालयाने अवाजवी ठरविली.

तोवर प्रेस्टनमध्येच एक मोठा माणूस या बेड्यांत खेळून गेला होता. टॉम फिनी, धंद्याने नळजोडारी, इंग्लंडच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. १९५२ साली इटलीतील पालेर्मोच्या मालकाने त्याच्यापुढे दहा हजार पौंडांची बिदागी, दरमहा १३० पौंड, राहण्यास बंगला आणि मोटार असा देकार ठेवला. फिनीला तेव्हा हंगामात आठवड्याला १४ पौंड मिळत. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नकार दिला आणि विषय संपला. फिनी निमूटपणे डीपडेललाच खेळत राहिला आणि नळाची कामे करीत राहिला. त्याच्या निष्ठेच्या कथा आजही सांगितल्या जातात. निष्ठा खरीच होती, याविषयी मला शंका नाही. पण तिची परीक्षा घेण्याची वेळ त्याच्यावर कोणी येऊच दिली नाही, हेही त्या कथेबरोबर सांगावयास हवे.

प्रेस्टनपासून फार दूर नसलेले बरी हे आणखी एक कापडाचे गाव. त्याचा क्लब १८८५ साली, म्हणजे सडेल यांच्या बंडाला यश आले त्याच वर्षी स्थापन झालेला. १९०३ साली अंतिम सामन्यात ६-० असा दणदणीत विजय मिळवून चषक नेणारा. २०१८ च्या डिसेंबरात हा क्लब अवघ्या एका पौंडाला विकला गेला आणि आठ महिन्यांनी, नव्या मालकाला देणी भागविता येतील याची खात्री देता न आल्यामुळे, लीगमधून काढून टाकण्यात आला. गावातील माणसे मैदानाच्या कुलपासमोर रडत उभी होती. २०२१ च्या एप्रिलात युरोपातील बारा धनाढ्य क्लबांच्या मालकांनी स्वतःपुरती बंदिस्त लीग काढण्याचा घाट घातला. १८८८ सालीही क्लब बाराच होते. या वेळी इंग्लंडचे प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्रज क्लब माघारी फिरले. २०२५ साली तेथील पार्लमेंटने फुटबॉलच्या मालकांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा संमत केला. बरीच्या प्रेक्षकांनी मात्र त्या कायद्याची वाट पाहिली नव्हती. त्यांनी वर्गणी जमविली, सरकारी मदत मिळविली, मैदान विकत घेतले, आपसांतील दोन गटांचे भांडण मतदानाने मिटविले, आणि २०२३ च्या हंगामात पुन्हा संघ उतरविला. बराच खालच्या पायरीवर, पण आपल्या मैदानावर.